दोन्ही हात ब्रेकवर

मध्यरात्र उलटते न उलटते तोच उठतो. बायको कूस बदलते,
म्हणते, जा, काढ तुझा सूर्य बाहेर.
एकवीस वर्षं हेच म्हणते आहे.
आधी हसून म्हणायची.

व्हॅनला ट्रेलर, ट्रेलरवर आठ सायकली.
किहेईच्या हॉटेलांपुढून एकेकाला उचलायचं:
झोपेने सुजलेले चेहरे, पायांत रबरी चपला.
वर थंडी असते, कितीदा सांगा.
हवाईत थंडी? म्हणतात.
म्हणून मागच्या बाकाखाली जाड जाकिटांचं गाठोडं,
प्रत्येकाच्या खिशात कुणा दुसऱ्याचा रुमाल.

वळणं मी मोजत नाही, माझा उजवा गुडघा मोजतो.

दहा हजार फूट. हालेआकाला, सूर्याचं घर.
नोहेआ त्यांना गोष्ट सांगते:
आईचं सालीचं कापड वाळेना, म्हणून माउईने
इथेच दबा धरून सूर्याचे पाय दोरांनी बांधले,
हळू चाल, म्हणाला.
नोहेआ सव्वीस वर्षांची.
तिची आजी हीच गोष्ट पैसे न घेता सांगायची.

आज कठड्यापलीकडे ढग.
शंभरेक माणसं, मोबाइल वर धरलेले
रिकाम्या वाडग्यांसारखे.
तांबडं फुटलं नाही. काळ्याचं राखाडी झालं,
राखाडीचं पांढरं,
मग पांढरंच राहिलं.
उजाडलं, पण उगवलं नाही.
नोहेआने तरी पूर्वेकडे तोंड करून आळवणी म्हटली,
दार बंद असलं तरी
आत माणूस आहे हे ठाऊक असल्यासारखी.

डेन्व्हरच्या वकिलाने विचारलं, पैसे परत मिळतात का?
म्हटलं, सूर्य आमच्या पगारावर नाही, साहेब.
हे वाक्य मी वर्षातून तीसेक वेळा वापरतो.
त्याची मुलगी हसली. तो नाही.

साडेसहा हजारांवर, उद्यानाच्या हद्दीबाहेर
सायकली उतरवल्या. थेट माथ्यावरून सोडायला आता बंदी आहे.
का, ते मला माहीत आहे. गिऱ्हाइकांना सांगत नाही.
नोहेआ पुढे, तिच्यामागे आठ जण एका ओळीत,
शेवटी मी, पिवळा दिवा लुकलुकवत,
बदकाच्या पिलांमागे थोराड कुत्रा चालावा तसा.
पेडल मारायचं नाही. डोंगरच नेतो.
तुम्ही फक्त नाही म्हणायचं,
थोडं थोडं, दोन्ही हातांनी, न थांबता.

काचेच्या फटीतून निलगिरीचा वास.
ढगाच्या पोटात आठ पाठी विरतात,
पुन्हा होतात. मी मोजतो. आठ. सात. आठ.

गुरांच्या कुरणापाशी ढग संपला.
एकदम. अंगावरची चादर कुणी ओढावी तसा.
आणि तो आला, मागून, डोंगराच्या खांद्यावरून,
कुणी बोलावलं नसताना.
खाली दोन बाजूंना दोन समुद्र, मध्ये सपाट माती,
जिथे माझ्या बापाने छत्तीस वर्षं ऊस तोडला,
इलोकोसहून बोटीने येऊन.
आता नुसतं गवत. ते गवत पेटलं होतं.
बापालाही रोज दिसत असणार हा.
त्याने मान वर केल्याचं मला आठवत नाही.

उतार तीव्र, वळण आंधळं.
आठ मोबाइल आठ खिशांत.
कुणालाच फोटो काढता येईना,
दोन्ही हात ब्रेकवर.
वकिलाच्या तोंडून काहीतरी निघालं,
मला बंद काचेतूनही ऐकू आलं.
शब्द नव्हता तो.

माकावाओला बेकरीपुढे हेल्मेटं मोजून घेतली,
जाकिटं गोळा केली. साखरेत लोळवलेले गरम गोळे
सगळे उभ्यानेच खात होते, बोटं अजून वाकडी,
ब्रेक धरल्यासारखी.
वकील माझ्याकडे आला, काही बोलणार होता,
मग म्हणाला, पाणी आहे का?
दिलं.
त्याच्या जाकिटाच्या खिशात रुमाल राहिलाय. ओला.
धुक्यानेच असेल.
तसाच राहू दिला. उद्या कुणाला तरी लागेल.

घरी बायको भात निवडत होती. आज उशीर?
हो, म्हटलं.
तोच उशिरा आला.